अर्ध्या टनाचा रस

‘परदेशी पर्यटनाच्या मागणीवर परिणाम करणारे आर्थिक घटक स्पष्ट करा.’ बी. ए.च्या पेपरात दहा गुणांना येणारा हा प्रश्न. उत्पन्न, विनिमय दर, इकडच्या-तिकडच्या किमतींची तुलना, प्रवासखर्च, कर आणि शेवटी ‘इतर घटक’ असे मुद्दे घातले, मध्ये एक उतरती रेषा काढली आणि अक्षर वाचता येण्याजोगं असलं, की सात-आठ गुण पदरात. सांगलीतल्या एका महाविद्यालयात हे उत्तर वर्षानुवर्षं मीच सांगत आलो, आणि पेपर तपासायला बसलो की तेच उत्तर तऱ्हेतऱ्हेच्या शुद्धलेखनात माझ्यापुढं परत येत राहिलं. माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. नोकरीला नेट-सेटची अट आहे, पासपोर्टची नाही.

या यादीतला ‘इतर घटक’ हा मुद्दा मी कायम दोन ओळींत उरकायचो. आता तसं करत नाही. इतर घटक वाळवा तालुक्यात राहतात, त्यांचा वीस एकर ऊस आहे आणि ते माझे साडू आहेत.

२०२४ च्या मे महिन्यात साडू सपत्नीक स्वित्झर्लंडला जाऊन आले. टिटलिसच्या बर्फात शाहरुख आणि काजोलचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा केलेला आहे. त्या दोघांच्या मधोमध मफलर गुंडाळलेले साडू, असा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर आला. परतल्यावर ते आमच्याकडे चॉकलेटं आणि आल्प्सचं चित्र असलेलं एक चुंबक घेऊन आले. मेहुणीबाईंनी ते स्वतःच्या हातानं आमच्या फ्रिजवर डकवलं. ‘फ्रँक नव्वदीच्या पुढं गेलाय, पाहुणं,’ साडू चहा बशीत ओतत म्हणाले, ‘कॉफी प्यायची म्हणजे अर्धी मोळी गेली.’ हे ते तक्रारीच्या सुरात बोलत होते, पण महाग पडल्याची तक्रार इतक्या तृप्त चेहऱ्यानं करणारा माणूस मी पाहिला नव्हता. साडूंनी नाव ऐकलेलं नसलं, तरी थॉर्स्टिन व्हेब्लेननं १८९९ सालीच सांगून ठेवलंय, की काही वस्तू महाग असतात म्हणूनच माणसं त्या घेतात.

माणूस खर्च करताना स्वतःच्या उत्पन्नाकडे कमी आणि आसपासच्यांच्या खर्चाकडे जास्त बघतो, असं जेम्स ड्यूसेनबेरी या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं १९४९ साली मांडलं. त्याला त्यासाठी अख्खं पुस्तक लिहावं लागलं. आमच्या घरात ते काम त्या चुंबकानं केलं. दूध काढायला फ्रिज उघडला की आल्प्स, ठेवायला गेलं की आल्प्स. बायको काही बोलली नाही. पतसंस्थेत कॅशियर म्हणून काम करणारी बाई आहे ती. तिच्या गप्प बसण्यालाही व्याज लागतं, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

नेमकी त्याच सुमारास सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीची रक्कम हाती आली. मिल्टन फ्रीडमननं १९५७ साली सांगितलंय, की असं अवचित आलेलं, पुन्हा न येणारं उत्पन्न शहाणा माणूस उधळत नाही. खर्च तो आपल्या कायमच्या उत्पन्नाच्या बेतानं करतो आणि अशी रक्कम बाजूला टाकतो. फ्रीडमनला पुढं नोबेल मिळालं. मी ही उपपत्ती बायकोला समजावून सांगितली. तिनं शांतपणे विचारलं, ‘त्यांचे साडू काय करायचे?’

मग मी मुद्दा बदलून उत्पन्न लवचिकतेवर आलो. पगार दहा टक्क्यांनी वाढला म्हणून कुणी दहा टक्के जास्त मीठ खात नाही. पण परदेशवारी ही चैनीची वस्तू. तिच्यावरचा खर्च उत्पन्नापेक्षा वेगानं वाढतो. म्हणजे देश थोडा सुधारला, की विमानतळावरच्या रांगा खूप सुधारतात. १९९१ साली देशाबाहेर पडलेल्या भारतीयांची संख्या २० लाखांच्याही आत होती. २०२४ मध्ये ती ३ कोटींच्या वर गेली. यात आखातात कामाला जाणारे आले, अमेरिकेत लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आया आल्या, आणि पुठ्ठ्याच्या शाहरुखशेजारी उभे राहणारेही आले. ‘म्हणजे आपण सोडून सगळे,’ बायको म्हणाली.

इथं थोडं मागं जायला हवं. आमच्या वडिलांच्या पिढीला परदेश परवडत नव्हता हे खरं. पण परवडला असता तरी सरकारनं जाऊ दिलं नसतं. परकीय चलनाचा खडखडाट होता. रिझर्व्ह बँकेनं ‘पी फॉर्म’ मंजूर केल्याशिवाय विमानाचं तिकीट मिळत नसे. त्या काळी शिकायला अमेरिकेला गेलेल्या कुणाच्याही आठवणी ऐका, ‘खिशात आठ डॉलर होते’ हे वाक्य आल्याशिवाय राहत नाही. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा झाला. १९९१ च्या जुलैमध्ये दोन दिवसांच्या अंतरानं दोनदा झालं, आणि डॉलर एकविसावरून सव्वीसच्या आसपास गेला. यातली गंमत अशी, की रुपया जसजसा घसरत गेला, तसतशी भारतीय माणसं जास्तच बाहेर पडू लागली. माझ्या फळ्यावरच्या रेषेप्रमाणं उलटं व्हायला हवं होतं. पण डॉलर महाग झाला त्याच्या कितीतरी पटीनं पगार वाढले, आणि मुख्य म्हणजे दरवाजाचं कुलूप निघालं. २००४ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनं माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर न्यायला मोकळीक दिली. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. म्हणजे आम्ही नवरा-बायकोनं मिळून ठरवलं, तर वर्षाला चार कोटी रुपयांवर रक्कम परदेशात नेऊ शकतो. रिझर्व्ह बँकेचा माझ्यावर इतका विश्वास आहे. बायकोची पतसंस्था मला जामीनदाराशिवाय पन्नास हजारही देत नाही.

कुठं जायचं यावर घरात महिनाभर चर्चा चालली. पुण्यात नोकरी करणारी मुलगी फोनवरून म्हणाली, ‘बाबा, जपान. येन पडलाय.’ खरंच पडला होता. २०२४ च्या जुलैमध्ये एका डॉलरला १६१ च्या वर येन मिळत होते. त्याआधीच्या सदतीस वर्षांत येन इतका स्वस्त झाला नव्हता. सगळं जग क्योटोच्या गल्ल्यांत घुसलं होतं. त्या वर्षी जपानला ३ कोटी ६८ लाख परदेशी पाहुणे आले, हा तिथला तोवरचा विक्रम. आणि त्याच येनमुळं जपानी माणूस मात्र घरात बसला. २०१९ साली २ कोटींवर जपानी परदेशी गेले होते; २०२४ मध्ये तो आकडा १ कोटी ३० लाखांच्या आसपास अडकला. त्यांना बाहेरची कॉफी आपल्याला स्विस कॉफी पडते तशी महाग पडायला लागली. विनिमय दराचा मुद्दा शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही, म्हणून मी ते वहीत टिपून घेतलं. जपानचं विमानभाडं पाहिल्यावर वही मिटली.

अखेर व्हिएतनाम ठरलं. ठरलं म्हणजे मी सिद्ध केलं. त्या वर्षी जो तो ‘गोव्यापेक्षा व्हिएतनाम स्वस्त’ असं म्हणत होता. मी एका कागदावर दोन रकाने आखले आणि दिवाळीतला गोवा व दिवाळीतला व्हिएतनाम समोरासमोर मांडले. हॉटेल, टॅक्सी, जेवण, सगळ्यात व्हिएतनाम जिंकत गेला. बायकोनं कागद हातात घेऊन एकदाच खालून वर नजर फिरवली. ‘गोव्याच्या रकान्यात मुंबई–गोवा विमान कशाला?’ सांगलीहून गोव्याला जायला आंबोलीचा घाट उतरावा लागतो. मुंबईला जाऊन विमान पकडावं लागत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण त्या विमानाशिवाय गोवा हरत नव्हता.

या बाबतीत मी एकटा नाही, याचा पुरावा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. एका सरकारी बँकेच्या कर्मचाऱ्यानं रजा प्रवास सवलतीवर दिल्लीहून मदुराईला जायचं ठरवलं. तो मदुराईला पोचला, हे खरं. मग परत येताना कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर, पुन्हा कोलंबो करून दिल्ली गाठली. सवलत देशातल्या देशात, जवळच्या मार्गानं प्रवास करण्यासाठी असते, असं न्यायालयानं २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये बजावलं. निकाल कायद्यानं अगदी बरोबर आहे. पण मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो. मागणी आधी ठरते आणि घटक मागाहून गोळा केले जातात, ही गोष्ट त्याला अर्थशास्त्र न शिकता उमगली होती.

पुढचा टप्पा टूर कंपनीच्या कार्यालयाचा. काउंटरवरच्या मुलानं दोघांचे मिळून १ लाख ६० हजार सांगितले आणि वर ‘पाच टक्के टीसीएस’ असं म्हणून आणखी आठ हजार मांडले. मी खुर्ची पुढं ओढली. परदेशी सहलींवर मुळाशीच कर गोळा करण्याची ही तरतूद १ ऑक्टोबर २०२० पासून आली. २०२३ च्या ऑक्टोबरपासून सात लाखांपर्यंत पाच टक्के आणि त्यावर वीस टक्के झाली. अशा करामुळं मागणीचा वक्र कसा सरकतो, पर्यायी वस्तूंकडे ग्राहक कसा वळतो, हे सगळं मी त्याला अर्धा तास सांगितलं. मुलानं पाणी मागवलं. मग म्हणाला, ‘सर, हे पैसे परत मिळतात. रिटर्न भरताना वळते करून घ्यायचे. आता तर पगारातून जी कपात होते, तिच्यातच धरायची सोय होतेय ऑक्टोबरपासून. तुमच्या ऑफिसच्या क्लार्कला सांगितलं तरी चालतंय.’

‘तुम्हाला बरंच माहीत आहे,’ मी म्हणालो.

‘तुमच्याच वर्गात होतो, सर. याच प्रश्नाला तुम्ही सहा मार्क दिले होते.’

एकदा सहा गुण दिलेल्या माणसाचा सल्ला मानणं शिक्षकाला अवघड जातं. मी स्वतःच बुकिंग करायचं ठरवलं. तिकीट वेगळं, हॉटेल वेगळं, मग ती सहल ‘पॅकेज’ राहत नाही आणि टीसीएसही लागत नाही. परदेशात क्रेडिट कार्डावर केलेल्या खर्चालाही तो लागू करायचं सरकारनं २०२३ च्या मेमध्ये जाहीर केलं होतं आणि जूनमध्ये लांबणीवर टाकलं होतं. ही फट मला सापडली याचा मला फार अभिमान वाटला. कार्ड परदेशी वापरलं की बँक साडेतीन टक्के आकार लावते, त्या आकारावर अठरा टक्के जीएसटी लागतो, आणि यातली दमडीही रिटर्न भरून परत मिळत नाही, हे बँकेनं कार्डाबरोबरच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. माहितीपत्रकं मी वाचत नाही. वाचणाऱ्यांसाठी पाठ्यपुस्तकं लिहितो.

तिकीट ऑगस्टमध्येच काढायला हवं होतं. पण त्याच वेळी मी डॉलरकडे डोळे लावून बसलो होतो. डॉलर ८३ रुपये ९० पैशांच्या आसपास होता. अमेरिकेची मध्यवर्ती बँक व्याजदर उतरवणार, मग डॉलर नरम पडणार, मग रुपया वधारणार, असं माझं गणित होतं. स्टाफरूममध्ये मी ते खडूनं टेबलावर काढूनही दाखवलं. सप्टेंबरात अमेरिकेनं खरोखरच अर्धा टक्का व्याज उतरवलं आणि रुपया काही पैशांनी वधारला. मी जाता-येता लोकांकडे बघून मान डोलावू लागलो. मग परदेशी गुंतवणूकदारांनी भारतातले शेअर विकून पैसा बाहेर न्यायला सुरुवात केली आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात रुपयानं ८४ चा उंबरा ओलांडला. तोवर दिवाळीच्या सुट्टीतलं तिकीट माणशी सहा हजारांनी चढलेलं. मला मुळात न्यायचे होते हजार डॉलर. रुपया अख्ख्या एका रुपयानं माझ्या बाजूला झुकला असता, तरी माझे हजार रुपये वाचले असते. हा हिशेब कॅशियरनं मांडला, प्राध्यापकानं नाही.

प्रवासाला निघताना फराळ घेतला. दिवाळी होती, आणि तिकडं खायला काय मिळेल याचा भरवसा नव्हता. चकली, चिवडा, शंकरपाळ्या, बेसनाचे लाडू. स्वस्त विमानकंपनीच्या स्वस्त तिकिटात सात किलोची एक पिशवी हातात नेता येते. आमच्या हातातल्या पिशव्या मुंबईच्या काउंटरवर वजनकाट्यावर गेल्या आणि काटा लाडवांसकट बोलला. जादा वजनाचे पैसे भरले तेव्हा लाडवाचा दर बदामाच्या वर गेला होता. तिकीट आणि सामान या ‘पूरक वस्तू’ आहेत, एक स्वस्त करून दुसऱ्यात वसूल करता येतं, हे मी वर्गात पेन आणि शाईचं उदाहरण देऊन सांगतो. शाई आता कुणी वापरत नाही. पुढच्या वर्षीपासून लाडू.

हनोईच्या विमानतळावर तीनशे डॉलर मोडले आणि माझ्या हातात ७५ लाख डोंग आले. एका रुपयाला तेव्हा साधारण तीनशे डोंग पडत होते. आयर्विंग फिशरनं १९२८ साली ‘द मनी इल्युजन’ नावाचं पुस्तक लिहिलं. पैशाची खरी किंमत सोडून माणूस नोटेवरच्या आकड्याला भुलतो, असा त्याचा सारांश. मी ते एम.ए.ला शिकवतो. त्या नोटांची जाडजूड गड्डी खिशात कोंबल्यावर माझी चाल बदलली, हे बायकोनं टिपलेल्या व्हिडिओत स्पष्ट दिसतं. छाती पुढं, एक हात खिशावर. सांगलीत सातबारा नसलेला माणूस हनोईत लक्षाधीश. टॅक्सीवाल्यानं तीन लाख म्हटले तेव्हा मी ‘बस्स?’ म्हणालो.

तिकडं पाट्यांवर शेवटची तीन शून्यं गाळून लिहितात. तीस हजारांच्या जागी नुसतं ३०. त्यामुळं लक्षाधीशाला प्रत्येक वस्तू तीस-चाळीसची वाटते, आणि ती तशी नाही हे खिशात हात घातल्यावर कळतं. खरं सांगायचं तर व्हिएतनाम स्वस्त आहेच, पण सगळंच नाही. राहणं स्वस्त, पाय चेपून घेणं स्वस्त, रस्त्यावरचं खाणं आपल्याइतकंच. जिथं माणसाचे कष्ट जास्त आणि बाहेरून आणलेला माल कमी, तिथं आपल्याला परवडतं. काचेच्या दारामागं वातानुकूलित कॉफी मागितली, की पुण्याचाच भाव.

आता रसाकडे येतो. जुन्या हनोईच्या एका गल्लीत, वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलांमागं एक रसाची गाडी दिसली. आपल्या रसवंतीसारखेच दोन रूळ, फक्त घुंगरू नव्हतं. बाई सोललेली कांडी दुमडून घालायची, आणि मधल्या घडीत एक छोटं, हिरवं, लिंबाच्या जातीचं फळ दाबून द्यायची. रस खाली निघायचा तो फिकट, थोडा आंबूस, बर्फावर फेसाळलेला. वाळव्याचा जावई हनोईत रस पितोय, हे दृश्य टिपायला बायको मोबाइल घेऊन रस्त्याच्या पलीकडं गेली. म्हणून पैसे मी दिले. दोन ग्लासांचे चाळीस हजार. मी खिशातून दोन निळ्या नोटा काढून ऐटीत पुढं केल्या.

बाईनं नोटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा नोटांकडे. आणि न सांगता माझा ग्लास हातातून घेऊन काठोकाठ भरून दिला. त्यावर एक बर्फाचा जादा तुकडा. मला भरून आलं. ‘बघ,’ मी रस्ता ओलांडून आल्यावर बायकोला म्हणालो, ‘अगत्य बघ. आपल्याकडे हाफ मागितला तर फुलचे पैसे घेतात.’

रात्री हॉटेलात बायकोनं नोटा गादीवर पसरल्या. रोजची कॅश जुळवल्याशिवाय तिला झोप लागत नाही. दहा हजारांची चळत, पन्नास हजारांची, लाखाची. प्रत्येकीला सांगलीहून आणलेलं रबर. ‘अहो, पाच लाखाची एक कमी आहे. आणि वीस हजाराची एक जास्त.’ त्या देशात वीस हजारांची नोट निळी, पाच लाखांचीही निळीच, जरा हिरवट छटेची. दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हींवर हो ची मिन्ह तोच चेहरा करून बघताहेत. तिनं दोन्ही नोटा उलट्या करून दिव्याखाली धरल्या. वीस हजारांच्या मागं एक छपराचा पूल, पाच लाखांच्या मागं एक बसकं घर. ‘पूल असला तर रस,’ ती म्हणाली, ‘घर असलं तर मला विचारायचं.’ आणि सगळी गड्डी स्वतःच्या पर्समध्ये टाकली. पुढं होई आनला गेलो तेव्हा तो पूल समोर उभा होता. लोक त्याचे फोटो काढत होते. मी जरा दुरूनच गेलो.

पाच लाख डोंग म्हणजे सोळाशे-साडेसोळाशे रुपये. रस पाजणाऱ्या बाईबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या दिवशी तिच्या अर्थव्यवस्थेत परकीय चलनाची जी आवक झाली, ती पर्यटनाच्या पुस्तकातल्या व्याख्येप्रमाणंच झाली.

हातात रोकड न राहिल्यामुळं मी कार्डाकडे वळलो. होई आनच्या रेशमाच्या दुकानात बायकोनं कापड पसंत केलं. स्वतःसाठी, मुलीसाठी, बहिणीसाठी. साडूंना टाय, कारण स्वित्झर्लंडची परतफेड बाकी होती. यंत्रात कार्ड घातल्यावर पडद्यावर प्रश्न आला, पैसे रुपयांत द्यायचे की डोंगमध्ये? परमुलखात आपल्या रुपयाचं चिन्ह दिसल्यावर माझ्यातला नागरिक जागा झाला. मी रुपयावर बोट ठेवलं. जगातले सगळे प्रवासी सांगतात, की तिथं स्थानिक चलन निवडायचं. रुपये निवडले की दर यंत्रवाल्याचा, आणि तो दर सावकारी असतो. कापड पाच टक्क्यांनी महाग पडलं, शिवाय माझ्या बँकेनंही आपला वेगळा आकार घेतलाच. देशभक्तीवर जीएसटीही लागतो, हे पुढच्या महिन्याच्या बिलात दिसलं.

परत आल्यावर मी बेरीज केली नाही. बायकोनं केली. टूर कंपनीचा भाव टीसीएस धरून १ लाख ६८ हजार होता. त्यातले आठ हजार परत मिळणारे होते, सकाळी पोहे होते, रात्री पोळी-भाजी होती आणि नोटा ओळखणारा एक गाईड होता. आमचे झाले १ लाख ७४ हजार आणि परत मिळण्यासारखं त्यात काही नव्हतं. २०२३-२४ या वर्षात भारतीयांनी रिझर्व्ह बँकेच्या त्या मोकळीक योजनेतून प्रवासासाठी १७ अब्ज डॉलर बाहेर नेले. योजनेतून गेलेल्या एकूण रकमेत निम्म्याहून जास्त वाटा प्रवासाचाच. त्या आकड्याकडे मी आता जरा वेगळ्या नजरेनं बघतो. त्यातले किती डॉलर निळ्या नोटांच्या गोंधळात गेले, याचा वेगळा रकाना असायला हवा.

फराळाच्या निमित्तानं साडू आले. टाय त्यांनी सदऱ्यावरच गळ्यात अडकवून पाहिला. बायकोनं रसाची हकीकत मेहुणीबाईंना स्वयंपाकघरात सांगितली, म्हणजे ती घरभर झाली. साडूंनी बशी खाली ठेवली.

‘पाहुणं, किती गेले म्हणालात?’

‘सोळाशेच्या वर.’

‘यंदा उसाची एफआरपी टनाला ३,४००.’ त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. ‘म्हणजे अर्धा टन ऊस. दोन ग्लासात.’

‘अडीच,’ मी म्हणालो. ‘एक अर्धा तिनं वरनं दिला.’

साडू बराच वेळ हसले नाहीत. ‘आमच्या आडसाली उसाला अठरा महिने लागतात, पाहुणं. पाणी, खत, तोडीवाल्यांच्या विनवण्या, काट्यावरची रांग, मग बिल कधी यायचं ते कारखान्याच्या मनावर. एवढं केल्यावर अर्ध्या टनाचे सतराशे. आणि त्या बाईनं ते उभ्या-उभ्या, रोख घेतले?’

‘उभ्या-उभ्या.’

‘त्या गल्लीचा पत्ता द्या. पुढच्या दिवाळीला मी मोळी घेऊनच जातो.’

‘हातात सात किलोच नेता येतं,’ मी सांगितलं. ‘वर गेलं की जादा आकार.’